ध्रुवावर जाणाऱ्याने हातमोजे कसे निवडावेत?

दक्षिण ध्रुवाच्या बर्फात जाणे हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे काम, नाहीतर पैसा उतू चाललेल्या पर्यटकांची हौस, असा आपल्या लोकांचा समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. अंटार्क्टिकावर भारताची दोन केंद्रे बाराही महिने चालतात. 'मैत्री' हे केंद्र १९८९ पासून आणि 'भारती' २०१२ पासून. तिथे शास्त्रज्ञ असतात हे ठीक, पण भर हिवाळ्यात जनरेटर बंद पडला तर शास्त्रज्ञाची विद्या काय करणार? म्हणून तिथे डिझेल मेकॅनिक लागतो, वायरमन लागतो, वेल्डर, सुतार, क्रेन चालवणारा, पुरुष परिचारक आणि स्वयंपाकीही लागतो. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र अशा जागा कंत्राटी पद्धतीने भरते आणि त्यांच्या जाहिराती निघतात. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी कुठेही जा, आयटीआय झालेली मुले आपल्या घरोघरी आहेत. त्यांनी ही जाहिरात आपल्यासाठी नाही असे समजून पान उलटू नये.

हा विषय या सदरात घेण्याचे कारण असे की, असाच एक मुलगा आईला घेऊन माझ्याकडे आला होता. मुलगा डिझेल मेकॅनिक, हाताने हुशार. त्याला एका मध्यस्थाने सांगितले होते की, नाव लावून देतो, पण तिकडच्या कपड्यांचे साठ हजार आधी भरावे लागतील. माउली गळ्यातले गहाण ठेवायच्या बेतात होती. तिचा प्रश्न मात्र पैशाचा नव्हताच. ती म्हणाली, "भाऊ, एवढ्या हिवात पोरगा जाईन त अंगात का घालन?"

मध्यस्थाचे आधी निकालात काढू. या मोहिमेवर निवड झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी होते, उत्तराखंडात औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फातले प्रशिक्षण होते आणि ध्रुवीय कपडे संस्थाच देते. कपड्यांच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर तो लबाड आहे, एवढे ओळखावे आणि दार लावून घ्यावे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. पावती नाही तिथे पैसा नाही, हा आमचा पहिला धडा.

पण त्या माउलीच्या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे. कपडे फुकट मिळाले तरी आपल्या मापाचा कोणता, कशावर काय घालायचे, हातमोजा कसा पारखायचा, हे घेणाऱ्याला कळावे लागते. शिवाय बर्फाशी गाठ फक्त ध्रुवावरच पडते असे नाही. आपली मुले फौजेत आहेत, सीमा पोलिसांत आहेत, कोणी लेहकडे ट्रक घेऊन जातो, कोणी ठेकेदाराबरोबर बांधकामाला जातो. तिथे दरवेळी कोणी कपडे वाटायला बसलेले नसते.

थंडी म्हटली की जाड कपडा, हे आपले गणित. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की गोधडीवर गोधडी चढते. पण ऊब गोधडीत नसते, तिच्या थरांत अडकलेल्या हवेत असते. घोंगडी गरम लागते ती लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा कोंडून राहते म्हणून. ही हवा दोन गोष्टींनी निघून जाते. एक वारा, दुसरा ओलावा. पारा उणे १० असला आणि ताशी ३० किलोमीटर वारा सुटला की उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते. ओलाव्याचे तर विचारू नका. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. हा ओलावा बाहेरच्या बर्फाचाच असतो असे नाही. बहुतेक वेळा तो आपलाच घाम असतो.

यासाठी माणसांनी जीव गमावले आहेत. १९११ च्या हिवाळ्यात इंग्रज कप्तान स्कॉटच्या तुकडीतले तिघे पेंग्विनची अंडी आणायला अंधारात निघाले. घाम कपड्यांत मुरून गोठायचा आणि कपडे पत्र्यासारखे ताठ व्हायचे. त्यांच्यातला एक तंबूबाहेर आला आणि मान वर करून पाहू लागला, तर तेवढ्यात कपडे गोठले आणि मान तशीच अडकून राहिली. नॉर्वेचा आमुंडसेन मात्र १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला आणि सगळे साथीदार सुखरूप घेऊन परतला. त्याचे एक कारण कपड्यात आहे. काही वर्षांपूर्वी तो उत्तरेकडे कॅनडाच्या बर्फात नेट्सिलिक नावाच्या आदिवासींच्या शेजारी दोन हिवाळे राहिला होता. युरोपचे लोक ज्यांना रानटी म्हणत, त्यांच्याकडून तो कातड्याचे सैल, हवा खेळती राहणारे, घाम न साचू देणारे कपडे वापरायला शिकला. शिकलेल्यांच्या पुस्तकात नव्हते ते ज्ञान या लोकांच्या शिवणात होते. स्कॉटही ध्रुवावर पोहोचला, १७ जानेवारी १९१२ ला, पण परत आला नाही. त्याच्या मृत्यूची कारणे अनेक आहेत, सगळे खापर कपड्यांवर फोडणे बरोबर नाही. तरी शंभर वर्षांनंतर आज जो नियम सांगितला जातो तो त्या आदिवासींचाच आहे. सैल घाला, कोरडे राहा.

हा नियम आपल्या भाषेत असा. अंगाला लागून पातळ थर, तो घाम ओढून बाहेर ढकलणारा. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, तो हवा कोंडणारा. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट. आतला थर सुती नको, हे पुन्हा सांगतो, कारण आपल्या सर्वांचा जीव सुती बनियनवर आहे. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात सुतासारखे सुख नाही. पण सूत घाम पिऊन बसते, लवकर वाळत नाही, आणि बर्फात ओला बनियन म्हणजे अंगावर थंड पाण्याची पट्टी. लोकर मात्र आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ओलावा पोटात घेऊनही ऊब देत राहते. पिसांचे जाकीट फार हलके आणि गरम, पण भिजले की पिसे एकमेकांना चिकटून त्याचा चोथा होतो. काम करताना अंग तापू लागले की घाम फुटण्याच्या आधी एक थर काढावा, काम थांबले की लगेच चढवावा. चार थर एकदम चढवून दिवसभर तसेच राबणारा माणूस संध्याकाळी हमखास कुडकुडतो.

आता हातमोजे. लोक जाकिटावर पैसा घालतात आणि हातमोजे जाता जाता घेतात. खरे तर उलटे पाहिजे. छाती-पोटाला शरीर स्वतः ऊब देते. थंडी वाढली की ते हातापायांचे रक्त आखडून घेते आणि आतले अवयव सांभाळते. म्हणजे पहिला बळी बोटांचा. बिडी वळणारी बाई असो, वेल्डर असो की मेकॅनिक, आपले पोट बोटांवर आहे.

पाच बोटांचा हातमोजा कामाला सोयीचा, पण त्यात प्रत्येक बोट एकटे पडते. चार बोटे एका पिशवीत आणि अंगठा वेगळा, असा जो मोजा असतो त्याला मिटन म्हणतात. त्यात बोटे एकमेकांना ऊब देतात, म्हणून तो जास्त गरम. पण मिटन घालून नट फिरवता येत नाही. यावर तोड अशी की दोन्ही घ्यावेत. आत पातळ, बोटांचा, लोकरीचा किंवा रेशमाचा हातमोजा. त्यावर मोठा मिटन. बारीक काम आले की मिटन काढायचा, आतला हातमोजा तसाच ठेवायचा, काम उरकून हात पुन्हा मिटनमध्ये. उघड्या हाताने लोखंड धरायचे नाही. उणे तीसमध्ये बोटावरचा ओलावा गोठून कातडी पान्याला चिकटते आणि ओढली तर तिथेच राहते. रेशमाचे म्हटल्यावर मला आपल्या मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा आठवतो. त्याच्या साड्या, धोतरे, शाली होतात. कोशाचे आतले हातमोजे विणल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एखाद्या बचत गटाने करून पाहायला हरकत नाही.

काढलेला मिटन खाली ठेवायचा नाही. बर्फाच्या वाऱ्यात तो एका क्षणात उडून जातो आणि पाठी लागून मिळत नाही. लहान मुलांच्या हातमोज्यांना आपण दोरी शिवतो आणि ती गळ्यातून अडकवतो, तशीच दोरी मोठ्यांनीही लावावी. यात लाज नाही. ध्रुवावर मोठमोठे लोक गळ्यात दोरी अडकवून फिरतात.

माप असे घ्यावे. ज्या हाताने काम करता त्या तळहाताभोवती, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी सुतळी गुंडाळा आणि ती फुटपट्टीवर मोजा. जितके इंच भरतील तो हातमोज्याचा नंबर. बाहेरचा मोजा यापेक्षा मोठा घ्यावा, कारण आत दुसरा मोजा येणार आहे. बोटांच्या टोकाशी थोडी जागा राहिली पाहिजे. घट्ट मोजा रक्त अडवतो आणि हवेलाही जागा ठेवत नाही. असा मोजा कितीही महाग असो, तो हात गारच ठेवणार. मनगटाकडची बाजू लांब असावी, म्हणजे जाकिटाच्या बाहीखाली किंवा बाहीवर बसेल आणि मधली कातडी उघडी पडणार नाही. आणि एक जोडी कधीच पुरत नाही. ओली झाली की बदलायला दुसरी हवी, ती सुद्धा जाकिटाच्या आत, अंगाजवळ ठेवलेली.

मेकॅनिकांसाठी एक विशेष सूचना, कारण ती सर्वसाधारण यादीत नसते. पेट्रोल-डिझेल भरताना लोकरीचे हातमोजे चालत नाहीत. पाणी शून्याला गोठते, पण पेट्रोल उणे तीसमध्येही पातळच राहते आणि तेवढेच थंड असते. ते बोटांवर सांडले की उडून जाताना राहिलेली ऊबही घेऊन जाते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बोट गोठते. इंधनाच्या कामाला तेल न शोषणारे वेगळे हातमोजे मागून घ्यावेत आणि मिळेपर्यंत नळीला हात लावू नये.

स्वतःच्या पैशाने घ्यायचे झाले तर आतले मोजे, पायमोजे, कानटोपी यांसाठी मोठ्या शहरातल्या काचेच्या दुकानात जायची गरज नाही. थंडीत आपल्या बाजारात तिबेटी भावंडे स्वेटर घेऊन बसतात. त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ पासून प्रतापगड-गोठणगावला आहे, जो भाग १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. त्यांच्याकडे अस्सल लोकर आणि ॲक्रिलिक दोन्ही प्रकारचा माल असतो. स्वच्छ विचारावे, आणि शंका राहिली तर शिवणीतला एक सुटा धागा मागून तो काडीने पेटवावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि चिमटीत राख होते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. ॲक्रिलिकही मधल्या थराला चालून जाते, पण पायमोजे आणि आतले हातमोजे लोकरीचेच घ्यावेत. आणि विकत घेण्याआधी गावातल्या एखाद्या निवृत्त हवालदाराला गाठावे. लेह, कारगिल, अरुणाचल पाहिलेले असे लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

थंडीला खरा मित्र कपडा, पण काही सवयी शत्रू असतात. आपल्याकडे खर्रा आणि बिडी बऱ्याच तोंडांत असते. तंबाखूने हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, म्हणजे जे काम थंडी करते त्यालाच आपण हातभार लावतो. रमने ऊब येते ही तर जुनीच भूल. दारूने रक्त कातडीकडे धावते, चेहरा गरम वाटतो आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. अशा माणसाला आपण गारठतो आहोत याची शुद्धही राहत नाही.

बोट आधी दुखते, मग बधिर होते. दुखणे थांबले म्हणून बरे वाटू लागले तर तीच धोक्याची वेळ समजावी. गोऱ्या कातडीवर पांढरा डाग चटकन दिसतो, आपल्या सावळ्या कातडीवर तो तसा दिसत नाही. मेणासारखी, राखाडी झाक येते. म्हणून नजरेपेक्षा बधिरपणावर भरवसा ठेवावा आणि सोबत्याने एकमेकांचे नाक, कान, गाल पाहत राहावे. अशा बोटाला चोळू नये, बर्फ लावू नये, शेकोटीवर धरू नये. बधिर बोटाला भाजलेले कळत नाही. आडोशाला नेऊन काखेत धरावे, किंवा कोपराला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवावे. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मात्र ऊब देण्याची घाई करू नये, डॉक्टरकडे न्यावे. एकदा सुटून पुन्हा गोठलेले बोट बहुधा जाते.

माणूस काळजी घेईल, पण देणाऱ्यानेही द्यायला हवे. १३ एप्रिल १९८४ पासून आपली फौज सियाचीनवर उभी आहे आणि तिथली थंडीही जीवघेणी आहे. कॅगच्या २०१९ च्या अहवालाने २०१५-१६ ते २०१७-१८ या काळाचा हिशेब तपासला. अतिउंचावरच्या जवानांसाठी नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बूट मिळालेच नाहीत, जुनेच बूट दुरुस्त करून वापरावे लागले आणि बर्फातल्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्क्यांपर्यंत होता, असे त्यात नोंदवले आहे. गॉगल ही चैन नव्हे. बर्फावरून उसळलेले ऊन डोळे जाळते आणि माणूस एक-दोन दिवस आंधळा होतो. ज्यांची मुले तिथे उभी असतात त्यांनी असे अहवाल वाचले पाहिजेत. ठेकेदाराबरोबर जाणाऱ्याने तर निघण्यापूर्वीच विचारावे की हातमोजे, बूट, गॉगल कोण देणार? तोंडी उत्तर मिळाले तर ते कागदावर मागावे.

राहिली पर्यटकांची गोष्ट. पुण्या-मुंबईचे लोक आता अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून जहाजाने अंटार्क्टिका पाहून येतात. खर्च लाखांत. ते जातात तिकडच्या उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, किनाऱ्याकिनाऱ्याने, जिथे पारा शून्याच्या आसपासच असतो. त्यांची अडचण थंडीपेक्षा पाण्याची. जहाजावरून रबरी होडीत बसून किनाऱ्यावर जावे लागते, तुषार अंगावर येतात, म्हणून त्यांना पाणी न शिरणारी पँट आणि तसाच बाहेरचा हातमोजा लागतो. जाकीट बहुतेक कंपन्या देतात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही वापरायला देतात. आपल्यापैकी कोणी घरकामाला किंवा मुले सांभाळायला अशा घरात असेल आणि मालकीणबाई हातमोजे शोधत असतील, तर दोन जोड्यांची आणि दोरीची युक्ती त्यांनाही सांगावी.

महिलांनी हा विषय पुरुषांचा समजू नये. नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत या १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत डॉ. सुदिप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या त्या दोघी पहिल्या महिला. परिचर्या शिकणाऱ्या आपल्या मुलींनी त्यांची नावे ऐकून ठेवावीत.

सामान बांधताना एक काम विसरू नये. अंटार्क्टिकावर बाहेरची माती आणि बी-बियाणे नेण्याला १९९१ च्या माद्रिद करारापासून बंधन आहे आणि आपल्या संसदेनेही २०२२ मध्ये त्यासाठी कायदा केला आहे. बूट ब्रशने घासून धुवावेत. खिसे उलटे करून झटकावेत. हातमोज्याच्या आणि जाकिटाच्या वेल्क्रोत, म्हणजे त्या चरचर उघडणाऱ्या पट्टीत, गवताचे कुसळ हमखास अडकलेले असते. धानाच्या धुऱ्यावरून चालत गेलेल्या माणसाच्या पायमोज्यांत तर नक्कीच असते. ते चिमट्याने एकेक काढावे, चांगल्या उजेडात, घाई न करता. आणि याच वेळी हातमोजे हातात चढवून घरातल्या सायकलचा एक नट पान्याने सोडवून पुन्हा बसवून पाहावा. नट हातातून निसटला तर मोजा बदलायला अजून वेळ आहे.